एकवीस खणांचा पडदा

१२ ऑगस्ट, मंगळवार

मंडळाचा मखमली पडदा गेला. काशीच्या पंचगंगा घाटाजवळच्या कोठडीत ट्रंकेत होता आणि यंदा गंगेनं त्या कोठडीत आठ दिवस मुक्काम केला. आज ट्रंक उघडली. आधी वास बाहेर आला, मग एक बेडूक, मग पडदा. पडदा तुकड्यातुकड्यानं आला.

गणपती पंधरा दिवसांवर. बैठकीत अध्यक्ष श्रीनिवासराव म्हणाले, "नवा मखमलीचा जमणार नाही. गेल्या वर्षी सभागृहाच्या छतानं सगळी शिल्लक खाल्ली." कोणी म्हणालं, फ्लेक्स लावू. फ्लेक्सपुढे बसवलेला गणपती निवडणुकीचा उमेदवार दिसतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पडदा मी शिवतो. कापड घराघरांतलं पडून असलेलं घेऊ."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकतीस मेला रिटायर झाल्यापासून इतक्या लोकांनी माझ्याकडे एकदम बघितलं नव्हतं.

रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं इंजिनांचे नकाशे काढले. पडदा म्हणजे काय, चार सरळ रेषा. शिवाय एक गोष्ट, ती फक्त इथे लिहितो. श्रीनिवासरावांचा निनाद आणि आमची कस्तुरी यांचं जमल्यात जमा आहे. ते दोघं एकमेकांना चार वर्षांपासून ओळखतात, आम्हाला चार महिन्यांपूर्वी कळलं. गौरीपूजनाच्या दिवशी साखरपुड्याची तारीख ठरायची आहे. अशा वेळी मुलीच्या बापाचं मंडळात काही काम दिसावं.

घरी सांगितलं. कस्तुरी म्हणाली, "बाबा, आपसे बटन तो लगता नहीं." पायमशीन अन्नपूर्णेच्या माहेरची आहे. तिनं मशीनवरची तुळशीची कुंडी उचलून खाली ठेवली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कापडाचा प्रश्न सुटला. जुनी चादर शोधायला अन्नपूर्णेचं कपाट उघडलं तर खालच्या खणात खणच खण. ब्लाउज पीस, इरकली, सुती, चमकणारे, सगळे घडी न मोडलेले.

"हे शिवणार कधी?" मी विचारलं.

"हे शिवायचे नसतात. ओटी भरायला असतात."

"आणि आले कुठून?"

"ओटीतून."

तीस वर्षं या घरात राहून मला हा कारभार माहीत नव्हता. काशीत मंडळाला येणारी आपली चाळीसेक घरं. हळदीकुंकू, मंगळागौर, नवरात्र, प्रत्येक वेळी ही तिची ओटी भरते, ती हिची. खण घेतला जातो, कपाटात जातो, पुढच्या शुक्रवारी दुसरीकडे निघतो. शिवत कोणीच नाही. रेल्वेत अशा वाघिणी असायच्या, माल भरलेल्या, या यार्डातून त्या यार्डात ढकललेल्या, कुठल्याच स्टेशनवर न उतरलेल्या. तो माल मी उतरवणार.

"पण कोणी कुठला दिला ते लक्षात तरी राहतं का?" मी विचारलं.

"सगळं लक्षात राहतं," अन्नपूर्णा म्हणाली.

बायकांना आपल्या स्मरणशक्तीबद्दल फार भरवसा असतो.

१७ ऑगस्ट, रविवार

दोन दिवस घरोघर फिरलो. एकवीस खण हवेत: सात उभ्या रांगा, तीन आडव्या. कापायचे नाहीत, जसेच्या तसे जोडायचे. एकवीस हा गणपतीचा आकडा, त्यामुळे कोणाला नाही म्हणता येत नाही.

प्रत्येक घरी एकच प्रकार. वहिनी "हो हो, देते ना" म्हणत आत जातात, बराच वेळ आत राहतात आणि एक खण घेऊन येतात, तोही पदराखाली. इंदूताईंकडे मात्र हात सढळ. त्यांच्या सासरी दशाश्वमेध घाटावरची पिढीजात यजमानकी, दानाचे खण रोजचेच. त्यांनी गाठोडंच पुढे टाकलं. "न्या भाऊजी. लोकांच्या घरी डास येतात, आमच्याकडे खण येतात."

संपदावहिनींकडे गेलो. त्यांचे मिस्टर बँकेत, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून बदलून आलेत. त्यांनी मोरपंखी रंगाचा सुंदर खण दिला आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या, "मी दिला म्हणून सांगू नका हं कोणाला. वहिनींना तर मुळीच नको."

असं एकट्या त्या नाही, बहुतेक सगळ्याच म्हणाल्या. आपल्या समाजात गुप्तदानाची वृत्ती अजून शिल्लक आहे हे पाहून बरं वाटलं. मी मात्र ऑफिसच्या सवयीप्रमाणे प्रत्येक खणाला चिठ्ठी लावली: नंबर, रंग, कोणाकडून मिळाला. देणाऱ्याचं नाव कुठे तरी राहिलं पाहिजे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज शिवायला बसलो. टीप सरळ जात नाही. ड्रॉइंग बोर्डावर कागद जागचा हलत नसे. इथे कापड चालतं आणि आपण बसून राहायचं, हे अंगवळणी पडायला वेळ लागेल. गल्लीतले टेलरमास्तर सुई बघायला आले होते. त्यांनी माझी पहिली शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाले, "बाबूजी, ई त गंगाजी के किनारे जइसन चलत बा." गंगेचा किनारा वळणावळणाचा, सुंदरच आहे, पण त्यांचा रोख तसा नसावा.

दुपारी अन्नपूर्णा चहा घेऊन आली आणि इंदूताईंच्या गाठोड्यातला एक जांभळा खण उचलून उभीच राहिली. उलटा केला, काठ बघितला, नाकाशी धरला.

"हा माझ्या आईचा."

"तुझ्या आईच्या खणासारखा दिसतो," मी दुरुस्ती केली.

"आषाढात निनादच्या आई, आनंदीताई, कस्तुरीसाठी पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा मी त्यांची ओटी भरली. याच खणानं. शेवटचा होता."

"म्हणजे तुझा खण आनंदीवहिनींकडे. हा इंदूताईंकडून आला. अर्थात हे दोन वेगळे खण आहेत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिची नजर मोरपंखी खणाकडे गेली. "आणि हा संपदाकडून आलाय ना? हा वापरू नका."

"का?"

"त्याच दिवशी आनंदीताईंनी माझी ओटी भरली ती यानं. गेल्या मंगळागौरीला मी तो संपदाला दिला."

म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंचाही या कामाला हातभार लागला. फारच छान. मी जांभळा चार नंबरला घेतला, वरच्या रांगेत मधोमध, गणपतीच्या मुकुटाच्या बरोबर वर. शेजारी, पाच नंबरला, मोरपंखी. दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

विचित्र प्रकार. काल दुपारी झोपायला गेलो तेव्हा वरची रांग पूर्ण होती. उठून बघतो तर चार आणि पाच नंबर सुटे. दोरा एकही तुटलेला नाही, सगळी टीप सुबक निघून आलेली. दोरा निकृष्ट असणार. आज नवा दोरा आणला आणि त्या दोन खणांना चारही बाजूंनी दुहेरी टीप मारली.

अन्नपूर्णेला दाखवलं. "आता ब्रह्मदेव आला तरी उसवणार नाही."

"दिसतंय," ती म्हणाली.

२४ ऑगस्ट, रविवार

बारा नंबरचा खण उलटा जोडला गेला. रांग पुन्हा उसवली. बोटाला दोनदा सुई लागली. खरं सांगायचं तर आज मशीनवर डोकं ठेवून बसलो होतो. चौतीस वर्षं ज्या नकाशांवर सह्या केल्या त्यांची इंजिनं कुठे कुठे धावत असतील, आणि इथे एक पडदा सरळ होत नाही. कस्तुरी मागून आली, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "छोड़ दीजिए ना बाबा, कोणी काही म्हणणार नाही." तेच तर नको आहे.

ती गेल्यावर पुन्हा बसलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पडदा लागला. सभागृहात निनाद शिडीवर आणि मी खालून सूचना देत होतो. मुलगा कामाचा आहे. एकदाच म्हणाला, "काका, चार आणि पाच नंबर थोडे झाकले तर? झालर वगैरे..." मी कारण विचारलं तर "कस्तुरी म्हणत होती" एवढंच बोलला. यांना अजून डिझाइन कळत नाही.

संध्याकाळी अन्नपूर्णेनं झेंडूची जाड माळ नेमकी त्या दोन खणांवर सोडली. मी ती काढून दरवाज्याला लावली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. माझ्या आयुष्यातला समाधानाचा दिवस.

आरती झाली, प्रसाद झाला आणि बायका घरी जायला तयार नाहीत. सगळ्या पडद्यापुढे. गणपती मध्ये येत होता म्हणून बाजूनं वळून वळून बघत होत्या. इंदूताईंनी पर्समधून चष्मा काढला. एकीनं तर दहा नंबरचा काठ उलटून मागची बाजू तपासली. टीप बघत असावी. कुजबुज चाललेली: "हा तोच ना गं?" "दसऱ्याचा." "मला म्हणाली होती मुलीसाठी ठेवलाय." चाळीस वर्षांच्या मखमलीकडे कोणी असं बघितलं नव्हतं.

आनंदीवहिनी बराच वेळ मधोमध उभ्या होत्या. मग अन्नपूर्णेजवळ गेल्या. मी जवळच होतो.

"हा मोरपंखी ओळखीचा वाटतो, नाही?"

"हो ना," अन्नपूर्णा म्हणाली. "आणि शेजारचा जांभळासुद्धा."

"कॉटन मिलचा असेल. असे पुष्कळ निघतात."

"तो हातमागाचा आहे. माझ्या आईनं गुळेदगुड्डहून आणलेला."

"अय्या, हो? मग नीट ठेवायला हवा होता नाही, ज्यानं कोणी घेतला त्यानं?"

"नीट ठेवायला मोरपंखीही हवा होता. चुकलंच."

दोघी हसल्या. दोघी विहिणी कापडावर इतक्या जाणकारीनं बोलतायत हे पाहून मी श्रीनिवासरावांना डोळ्यांनी खूण केली. ते म्हणाले, "घरी जायला हवं, गोपीनाथ. लवकर."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मन थाऱ्यावर नाही. सकाळी श्रीनिवासरावांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "साखरपुड्याचं जरा थांबू या का? आनंदी म्हणते, यंदा गुरुबळ नाही."

"आषाढात होतं की."

"आषाढात होतं," ते म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही रे. मी वरणभात खातोय दोन दिवस."

आनंदीवहिनी आरतीला येत नाहीत. अन्नपूर्णा आली, पण पडद्याकडे न बघता डोळे मिटून उभी राहिली. कस्तुरी जेवली नाही. मी तिला ॲसिडिटीची गोळी दिली तर गोळी हातात घेऊन रडायला लागली. "निनादची मम्मी म्हणते, पुढच्या साली बघू. बाबा, वो परदा उतार दीजिए."

"विसर्जनाआधी मांडव मोडत नाहीत, बेटा."

"मांडव नहीं, परदा!"

पडद्याचा आणि गुरुबळाचा काय संबंध? दुपारभर विचार केला. झोप आली नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

उलगडा झाला. चूक माझीच.

आनंदीवहिनी अध्यक्षांच्या पत्नी. त्यांचा खण पडद्यात अगदी वर मधोमध, आणि त्यांचं नाव कुठेच नाही. त्यांचंच काय, कोणाचंच नाही. माणूस म्हणतो नाव नको, पण मनात असतं. रेल्वेत मुख्य नकाशावर माझी सही असायची आणि खाली साहेबाची, आणि साहेबाची राहिली तर तो आठवडाभर बोलत नसे. अगदी तसंच. ती कुजबुज, ते वळून बघणं, सगळ्या आपापला खण शोधत होत्या!

उपाय माझ्या हातातला आहे. चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. पडद्याचा रीतसर नकाशा काढतो, एकवीस चौकोन, प्रत्येकात नंबर आणि खण देणाऱ्या घराचं नाव. गौरीपूजनाच्या सकाळी दाराशी लावतो. त्या दिवशी सगळ्या हळदीकुंकवाला येतात.

अन्नपूर्णेला सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्यातलं सगळं समजलं आहे असं म्हणवत नाही.

नकाशा उत्तम उतरला होता. हिरव्या शाईत चौकोन, लाल शाईत नावं, वर मथळा: "खण कोणाकडून मिळाला". चार वाजता बायका आल्या आणि दाराशीच थांबल्या. आनंदीवहिनीही आल्या, गौरीसाठी म्हणून. मागच्या पुढच्यांवर धडकल्या. इतकी शांतता मी त्या सभागृहात फक्त शोकसभेला ऐकली आहे.

अन्नपूर्णा नकाशा वाचून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा झाला होता. "अहो," ती म्हणाली, "हे काय केलंत?"

"श्रेय ज्याचं त्याला," मी म्हणालो.

संपदावहिनी पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या. कोणीतरी बोट ठेवून वाचू लागलं. "सात नंबर तर मी आनंदीला दिलेला." "आणि आठ तुला मी." "पंधरा माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाचा! तो हिच्याकडे कसा?" आवाज चढायला लागले. आनंदीवहिनींनी चार नंबरखाली इंदूताईंचं नाव वाचलं आणि खाली बघितलं. सगळ्यांना कळलं असावं, काय ते मला कळलं नाही.

तेवढ्यात इंदूताई मोठ्यानं हसल्या. हसता हसता त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"अगं नऊ नंबर बघा! नऊ नंबर मी दोन वर्षांपूर्वी अन्नपूर्णेला दिला. आता भाऊजींना दिला कोणी? मीच! फिरून माझ्याच घरी आला आणि मला पत्ता नाही. कोणी आणून दिला गं?"

"मी," आनंदीवहिनी म्हणाल्या. "मला अन्नपूर्णाताईंनी दिला होता."

मग आधी एकीला आवरेना, मग दुसरीला, मग सगळ्याच. गौरीपुढे वीसपंचवीस बायका डोळे पुसत हसत होत्या. "एकजण तरी सुटली का गं यातून?" "संपदा! ती नवीन आहे." "नवीन कसली, अन्नपूर्णेचा मोरपंखी तिनं पंधरा दिवस ठेवला नाही!"

"काकू, मी शिवणारच होते," संपदावहिनी म्हणाल्या, तेव्हा पुन्हा हशा. मी त्यात हसण्यासारखं काय ते विचारायला पुढे झालो, तर इंदूताईंनी मला आणि श्रीनिवासरावांना दाराबाहेर काढलं.

पुरुष मंडळी बाहेर पायरीवर बसली. आतून अधूनमधून ऐकू येत होतं. आनंदीवहिनींचा आवाज: "आईचा होता हे सांगायचं तरी. मला वाटलं दुकानातला." मग अन्नपूर्णा: "आणि तुम्ही मोरपंखी मुद्दाम निवडून आणला हे मला कोण सांगणार होतं?" मग बांगड्यांचा आवाज.

श्रीनिवासराव म्हणाले, "गोपीनाथ, तुझं धाडस मोठं."

"नकाशात धाडस कसलं?" मी म्हणालो. "माप बरोबर असलं की झालं."

सहा वाजता आनंदीवहिनी बाहेर आल्या. डोळे लाल, चेहरा मोकळा. "भाऊजी, साखरपुडा शुक्रवारी. पितृपक्षाच्या आत उरकू."

"आणि गुरुबळ?"

"आलं," त्या म्हणाल्या.

माझं निदान अचूक निघालं. नाव झळकलं आणि माणूस खूश झाला. कस्तुरीनं येऊन मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आप कुछ मत समझिएगा, बाबा. बस ऐसे ही रहिए." भावनेच्या भरात मुलं काहीही बोलतात.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीचं कुंडात विसर्जन झालं. पडदा मी स्वतः उतरवून घडी घालणार होतो, पण बायकांनी घालू दिली नाही. "धुवायला नेतो," म्हणाल्या. एक पडदा धुवायला आठ जणी! पुढच्या वर्षीसाठी तो जपण्याची ही आस्था पाहून धन्य वाटलं. आनंदीवहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "भाऊजी, दुहेरी टीप कुठे कुठे आहे?" मी अभिमानानं दाखवली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

साखरपुडा पार पडला. इंदूताईंनी मंत्र म्हणणाऱ्यांना दोनदा दुरुस्त केलं. निनादच्या हातून पेढा पडला. कस्तुरी सुंदर दिसत होती, फारच.

आनंदीवहिनींनी तिची ओटी भरली. साडी, नारळ, तांदूळ आणि वर खण. जांभळा! माझ्या पडद्याच्या मधोमध होता अगदी त्याच रंगाचा, तोच काठ. माझ्या पडद्यानं गावात फॅशन पाडली म्हणायची. अन्नपूर्णेनं तो हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि आनंदीवहिनींचा हात धरला तो सोडेचना. "आता हा कोणाला द्यायचा नाही हं, कस्तुरी," आनंदीवहिनी म्हणाल्या. "शिवायचा. मी उभी राहून शिवून घेणार."

सगळे जेवायला गेल्यावर मी तो खण कुतूहलानं उजेडात धरून बघितला. चारही कडांना सुईच्या बारीक भोकांच्या दोन दोन ओळी. म्हणजे कुठे तरी शिवलेला माल उसवून, इस्त्री मारून नवा म्हणून गळ्यात मारलाय. वहिनी फसल्या बिचाऱ्या. अन्नपूर्णेला सांगायला उठलो, पण ती पंगतीत विहिणीला आग्रहानं वाढत होती. म्हटलं, आजच्या दिवशी नको.

टीप मात्र फारच वाकडी होती. ज्यानं कोणी मारली असेल, त्याला दोन दिवस माझ्याकडे पाठवायला हवं.